आठ माइकचा डबा कशाला, ताई?

प्रश्न :

मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या सासूबाई आणि गल्लीतल्या पाच-सहा जणी कानबाईची (श्रावणात बसते ती आमच्याकडची देवी) आणि आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी म्हणतात. सगळी अहिराणीत, सगळी तोंडपाठ. म्हणणाऱ्या साऱ्या साठीच्या पुढच्या आहेत, म्हणून येत्या श्रावणाआधी ही गाणी नीट रेकॉर्ड करून ठेवायचं मनात आहे. घरी जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे, विंडोज ११ आहे. बीएम ८०० नावाने मिळतो तो कंडेन्सर माइक मागवला आणि सोबत आलेल्या वायरीने कॅबिनेटच्या पुढच्या गुलाबी पिनमध्ये लावला. आवाज बारीक येतो आणि मागे सारखी घरघर. सासूबाईंनी हेडफोन कानाला लावला आणि म्हणाल्या, "हाई काय शे वं, गानं शे का चक्की?" भाचा कीबोर्ड वाजवतो, गाण्यांचे ट्रॅक बनवतो. त्याचं म्हणणं, आठ माइक लागतील असा इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरला देणारा डबा, घ्या, प्रत्येकीपुढे एक माइक ठेवू. जळगावला एका दुकानदाराने यूएसबी मिक्सर दाखवला. कुणी सांगतं, १९२ किलोहर्ट्झपेक्षा कमी घेऊच नका. माझ्याकडे वीस हजार आहेत आणि त्यातच सगळं बसवायचं आहे. कुठला घेऊ?

एक शिक्षिका, अमळनेर तालुका

उत्तर :

ताई, सासूबाईंचा कान पक्का आहे. ती चक्की इंटरफेस आणल्यावर बरीचशी बंद होईल, पण पूर्ण बंद होईल की नाही हे तुमच्या घरच्या अर्थिंगवर आहे. त्याचं पुढे सविस्तर लिहितो, आणि तेवढा भाग वाचल्याशिवाय काही मागवू नका.

आधी सरळ उत्तर. दोन माइक लागतील असा, विंडोजसाठी कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात आत-बाहेर नेणारं सॉफ्टवेअर) असलेला साधा यूएसबी इंटरफेस घ्या. तुमच्या वीस हजारांत मी बेहरिंजरचा यूएमसी२०२एचडी घेतला असता आणि उरलेले पैसे एका बऱ्या कंडेन्सर माइकवर घातले असते. आज बाजारात चांगल्या नावाचे जे दोन इनपुटचे इंटरफेस आहेत त्यांच्यात रेकॉर्डिंग ऐकून फरक सांगणं मुरलेल्या माणसालाही जड जातं. माइक बदलला, माइकची जागा हातभर सरकवली किंवा खोली बदलली, तर तो फरक सासूबाईसुद्धा पहिल्या ओळीत सांगतील. म्हणून पैसे डब्यात कमी आणि माइकमध्ये जास्त.

आता ही घरघर येते कुठून ते पाहू. माइकमधून निघणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. तुम्ही तो कॅबिनेटच्या पुढच्या पिनमध्ये दिला. तिथून मदरबोर्डपर्यंत एक बारीक वायर आतून जाते, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा), पंखे आणि बाकीच्या गजबजाटाच्या शेजारून. एवढ्याशा सिग्नलला तिथे काय काय चिकटत असेल! शिवाय बीएम ८०० हा कंडेन्सर माइक, त्याला चालायला ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर, म्हणजे माइकच्याच वायरीतून दिलेली वीज, लागते. कॉम्प्युटरची गुलाबी पिन जेमतेम काही व्होल्ट देते. माइक अर्धपोटी चालतो, आवाज बारीक येतो, तुम्ही विंडोजमध्ये बूस्ट वाढवता आणि बूस्टने गाण्याबरोबर घरघरही तितकीच वाढते.

तिसरी अडचण त्या वायरीची. माइकच्या बाजूला तीन पिनांचं एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला मोबाइलसारखी छोटी पिन, अशी ती असणार. एक्सएलआरच्या तीन पिनांपैकी एक शील्डची, उरलेल्या दोन सिग्नलच्या. इंटरफेस त्या दोन तारांमधला फरक तेवढा घेतो. गाण्याचा सिग्नल म्हणजे तो फरकच. बाहेरून शिरणारी घरघर दोन्ही तारांत सारखीच शिरते, त्यामुळे फरक काढताना ती वजा होते. छोट्या पिनवर हा सगळा खेळ मोडतो. तेव्हा इंटरफेससोबत दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेल्या वायरी घ्याच. जुनी वायर त्या इंटरफेसला चुकूनही लावू नका.

भाच्याच्या आठ माइकबद्दल. त्याचा सल्ला ड्रम्स आणि पूर्ण बँड एकदम रेकॉर्ड करणाऱ्याला बरोबर आहे. इंटरफेस घेताना मोजायचं ते एवढंच की एकाच वेळी किती माइक चालू राहणार. किती माणसं गातात, किती वाद्यं घरात आहेत, पुढे कधी काय करायचं आहे, हे त्या आकड्यात धरायचं नाही. सहा बाया एका तालात, एकमेकींच्या तोंडाकडे बघत गातात, तो एक आवाज आहे. तो सहा माइकने तोडून पुन्हा जोडण्यात काही हाती लागत नाही, उलट बिघडतं. एकीचा आवाज शेजारणीच्या माइकमध्येही शिरतो, पण थोडा उशिरा. ते दोन्ही मिसळले की काही सूर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ, डब्यातल्यासारखा होतो. हे टाळायचं तर दोन माइकमधलं अंतर, माइक आणि गाणारीमधल्या अंतराच्या तिप्पट तरी ठेवावं असा रेकॉर्डिंगवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. म्हणजे तोंडापासून दीड फुटावर माइक ठेवला तर दोन बायांच्या माइकमध्ये साडेचार फूट हवेत. सहा जणींना तसं बसवलंत तर ओसरी पुरणार नाही, आणि इतक्या लांब लांब बसून त्या गाणारही नाहीत.

मी असं बसवेन. पुढे म्हणणारी एक, बहुधा तुमच्या सासूबाईच, आणि तिच्यानंतर ओळ धरणाऱ्या पाच. पुढे म्हणणारीसमोर नवा चांगला माइक, तोंडापासून दीड-दोन फुटांवर, हनुवटीच्या किंचित वर आणि थोडा तिरपा, म्हणजे 'प' आणि 'फ' म्हणताना हवेचा फटका बसत नाही. ओळ धरणाऱ्या तिच्या समोरच अर्धगोलात बसवा आणि त्यांच्या मध्यावर तुमचा बीएम ८००, साधारण चार फुटांवर. दोन्ही माइकची पाठ एकमेकांकडे राहील. असे माइक बहुधा कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं जास्त ऐकतात आणि पाठीमागचं सगळ्यांत कमी. ढोलकी असेल तर वाजवणारीला बायांच्याही मागे, भिंतीपासून थोडं पुढे बसवा. ढोलकीला वेगळा माइक देऊ नका; ती दोन्ही माइकमध्ये आपोआप येते, आणि बहुतेक वेळा हवी त्यापेक्षा जास्तच येते. दोन माइक दोन वेगळ्या ट्रॅकवर गेले की पुढे म्हणणारीचा आणि ओळ धरणाऱ्यांचा आवाज नंतर कमी-जास्त करता येतो. लोकगीताला यापेक्षा जास्त मिक्सिंग लागत नाही.

इथेच त्या यूएसबी मिक्सरचा निकाल लागतो. वर सहा-आठ इनपुट दिसतात, नॉबही भरपूर, पण कमी किमतीतले बहुतेक यूएसबी मिक्सर कॉम्प्युटरला फक्त डावा-उजवा असा मिसळलेला आवाज देतात. ढोलकी जास्त झाली तर ती नंतर वेगळी काढता येत नाही. डब्यावर मल्टीट्रॅक असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते मिक्सर तुमच्या बजेटात यायचे नाहीत. भजनी मंडळाला स्पीकर लावून गायचं असेल तर मिक्सर उत्तम. तुमचं काम ते नाही.

कीबोर्डसाठी भाच्याला बहुधा एकही इनपुट लागणार नाही. त्याच्या कीबोर्डच्या मागे 'यूएसबी टू होस्ट' लिहिलेलं भोक आहे का ते बघायला सांगा. असेल तर साध्या प्रिंटरच्या वायरीने तो थेट कॉम्प्युटरला जोडला जातो, मिडी, म्हणजे कुठली पट्टी कधी दाबली ही माहिती, तिथूनच जातं आणि आवाज सॉफ्टवेअरमधून निघतो. कीबोर्डचाच स्वतःचा आवाज घ्यायचा असेल तर डावी-उजवी अशा दोन वायरी इंटरफेसच्या दोन इनपुटमध्ये लावायच्या आणि बटण लाइनवर ठेवायचं. त्या वेळी बाया गात नसतातच, त्यामुळे दोन इनपुट तेव्हाही पुरतात.

ड्रायव्हरचं महत्त्व मात्र भाच्यासाठीच आहे, म्हणून हा परिच्छेद त्याला वाचायला द्या. कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे गोळा करून पुढे पाठवतो, त्या तुकड्याच्या आकाराला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) घेताना, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे १०.७. हे एका दिशेचं झालं. आत यायला आणि बाहेर जायला मिळून दुप्पट, वर थोडं आणखी. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा स्पीकरपासून साडेतीन मीटर लांब उभं राहून वाजवण्याइतका. तेवढं चालतं. २५-३० च्या पुढे गेलं की पट्टी दाबल्यावर सूर मागून आल्यासारखा वाटतो आणि वाजवणाऱ्याचा ताल डळमळतो. बफर लहान ठेवूनही आवाज तुटू नये हे काम ड्रायव्हरचं. विंडोजवर त्यासाठी एएसआयओ लागतं, आणि ते इंटरफेसच्या कंपनीनेच त्या मॉडेलसाठी लिहिलेलं असलं पाहिजे.

याच मुद्द्यावर लोक फसतात. बेहरिंजरचे यूएमसी२२ आणि यूएमसी२०२एचडी दिसायला भावंडं. यूएमसी२२ स्वस्त, पण त्याला माइकचं इनपुट एकच, ४८ किलोहर्ट्झची मर्यादा, आणि विंडोजवर स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर नाही; एएसआयओ४ऑल या फुकट मिळणाऱ्या जोडड्रायव्हरवर भागवावं लागतं. २०२एचडीला दोन पूर्ण माइक इनपुट आणि कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर. दुकानदार 'एकच आहे हो' म्हणाला तरी खोक्यावरचा आकडा स्वतः वाचा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात, कारण भाचा विचारेलच. फोकसराइटचा स्कार्लेट टूआयटू सगळ्यांच्या तोंडी आहे आणि चांगलाच आहे. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत त्याचा गेन ६९ डीबीपर्यंत जातो आणि आवाज फाटायला लागला तर तो स्वतःच गेन खाली आणतो. गेन म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवण्याची ताकद. पण तो घेतला तर चांगल्या माइकला पैसे उरणार नाहीत. त्याच घराण्यातला सोलो स्वस्त पडतो, पण त्याला माइक एकच लागतो. एकट्याने गाणाऱ्याला ठीक, तुम्हाला नाही. ऑडिअंटचा ईव्हो ४ मला फार आवडतो. दोन माइक, प्रत्येकाला फॅन्टम वेगळी, आणि एक हिरवं बटण दाबून गायला सांगितलं की गेन आपोआप बसतो. तंत्राची सवय नसलेल्या घरात ही मोठी सोय. बजेट तीन-चार हजारांनी ताणता आलं तर बेहरिंजरऐवजी तो घ्या. मोटूचा एम२ सुंदर आहे, समोर छोट्या पडद्यावर आवाजाची पातळी दिसते आणि जुन्या कीबोर्डसाठी मिडीच्या गोल पिनाही आहेत; पण तो तुमच्या हिशोबाबाहेर जातो.

माइकमध्ये मी कंडेन्सरच का म्हणतोय तेही सांगतो, कारण दुकानात तुम्हाला स्टेजचा शुअर एसएम५८ दाखवतील. १९६६ पासून चालत आलेला तो दणकट माइक आहे आणि लग्नाच्या मांडवात त्याला तोड नाही. पण तो ओठाला लावून गायचा. एसएम५८ ची संवेदनशीलता १.८५ मिलिव्होल्ट, तर ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० या कंडेन्सरची १४.१. तेवढ्याच आवाजावर साडेसातपट सिग्नल. सत्तरीच्या बाईला माइक तोंडाशी धरायला लावलं की ती गाणं विसरून माइककडे बघत बसते. दीड-दोन फूट लांब ठेवला तर पाच मिनिटांत विसरते. लांबून घ्यायचं तर सिग्नल जास्त देणारा माइक हवा, नाहीतर गेन शेवटपर्यंत पिळावा लागतो आणि मागची सळसळ वर येते. एटी२०२० किंवा त्याच्या तोडीचा कुठलाही एक घ्या. २०२एचडीवर फॅन्टमचं बटण मागे आहे आणि दोन्ही इनपुटना एकदमच लागतं. तुमचे दोन्ही माइक कंडेन्सर असल्याने अडचण नाही. फक्त माइक लावताना-काढताना ते बंद ठेवा.

१९२ किलोहर्ट्झचं एका दमात संपवतो. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वर ऐकू येत नाही, आणि तेवढं पकडायला ४८ किलोहर्ट्झ पुरतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. दोन ट्रॅकची एक तासाची बैठक साधारण एक जीबी होईल. १९२ वर तीच चार जीबीच्या वर जाईल आणि गाण्यात काडीचा फरक पडणार नाही.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की कधी मुंग्या आल्यासारख्या होतात का? होत असतील तर तुमच्या सॉकेटची तिसरी, जाड पिन नुसती शोभेची आहे. डेस्कटॉपच्या एसएमपीएसमध्ये विजेतली घाण गाळायला छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, आणि ते ती घाण अर्थमध्ये सोडतात. अर्थच नसेल तर कॅबिनेटचा सगळा पत्रा २३० च्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून झटका न बसता मुंग्या येतात, पण तो यूएसबीच्या वायरीतून इंटरफेसपर्यंत जातो आणि ५० हर्ट्झची घूं किंवा १०० हर्ट्झची भुर्र होऊन गाण्यात उतरते. इंटरफेस पन्नास हजारांचा घेतला तरी हे जात नाही.

वायरमनला बोलवा आणि मीटर लावून दोन आकडे बघायला सांगा. फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थमध्ये शंभर-दीडशे असं काहीतरी अधांतरी आलं तर अर्थिंग तुटलेलं आहे. आणि घरातला भार चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी शून्य आलं तर सॉकेट उघडून दाखवायला सांगा. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थला जोडून मोकळे होतात. ते धोक्याचं आहे. न्यूट्रल तुटला की त्या अर्थला जोडलेला प्रत्येक पत्रा जिवंत होतो. घूं घालवायला तिसरी पिन मोडून टाका असा सल्ला देणारेही भेटतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

अर्थिंगचा खड्डा असेल तर तो कुठे आहे ते शोधा. आपल्याकडची काळी माती वैशाखात सुकून भेगाळते आणि सुकलेल्या मातीत अर्थिंग निम्मंअधिक निकामी होतं. आखाजी नेमकी त्याच दिवसांत येते. खड्ड्यात दोन-चार बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड करा, फरक पडतो. घरचा इन्व्हर्टर साध्या स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याच्यावर रेकॉर्डिंग नकोच, त्याची भुणभुण वायरीवायरीत शिरते. लाइट यायची वाट बघा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर फिरणारा पंखा, ट्यूबलाइटचा चोक, मोबाइलचा चार्जर, हे सगळं त्या अर्ध्या तासापुरतं बंद. आणि इंटरफेस मागच्या यूएसबी पोर्टमध्येच लावा, थेट मदरबोर्डच्या. पुढच्या पोर्टला किंवा हबला लावला तर ४८ व्होल्ट तयार करायला त्याला वीज कमी पडू शकते.

खोलीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या भागात अजून धाब्याची घरं आहेत, म्हणून सांगतो. नातलगाचं किंवा शेजारचं असं घर मिळालं तर कॉम्प्युटर उचलून तिथे न्या, मात्र तिथल्या सॉकेटचंही अर्थिंग आधी तपासून घ्या. मातीची जाड भिंत बाहेरचा ट्रॅक्टर आणि ढाब्यावरचा डीजे बऱ्यापैकी अडवते, आणि मातीच्या छतावरून आवाज घुमत नाही. स्लॅबच्या खोलीत घुमतो, पत्र्याखाली तर श्रावणात पाऊस आला की संपलंच. स्लॅबशिवाय पर्याय नसेल तर बायांच्या पाठीमागे दोरीवर चार गोधड्या टाका आणि खाली सतरंजी. स्टुडिओचा फोम विकत घेऊ नका. त्या पातळ फोमपेक्षा जाड गोधडी जास्त काम करते. आखाजीच्या दिवसांत पंखा बंद करून दुपारी बसवलंत तर बाया उठून जातील, आणि बरोबर आहे त्यांचं. पहाटे पाचला बसा. त्या वेळी पक्षी बोलतात, ते गाण्यात आले तर येऊ द्या.

खरेदी. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये कॉम्प्युटरचं काय हवं ते मिळेल, यूएसबी वायर आणि मीटरसुद्धा. इंटरफेस मात्र वाद्यांच्या किंवा ऑडिओच्या दुकानातूनच घ्या, जळगाव-धुळ्यात नाही मिळाला तर पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइन. भाव सारखे हलत असतात, दोन-तीन ठिकाणी विचारून मगच पैसे द्या. जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी हवी. बाहेरून आणलेला, बिल नसलेला डबा हजार-दोन हजारांनी स्वस्त पडतो आणि बिघडला की कुणी हात लावत नाही. खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. पहिल्याच दिवशी दोन्ही इनपुटला माइक लावून, फॅन्टम चालू करून दहा मिनिटं रेकॉर्ड करून बघा, म्हणजे परत करायची मुदत हातात असते. जुना घेणार असाल तर त्या मॉडेलचा विंडोज ११ चा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे का ते आधी पाहा. तो नसेल तर फुकट मिळाला तरी नको.

इंटरफेस आणि माइक सोडून उरलेल्यात दोन एक्सएलआर वायरी आणि दोन साधे माइक स्टँड येतील. हेडफोन तुमच्याकडे आहेच, तो सध्या पुरे. स्पीकर तर मुळीच घेऊ नका. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी फुकट आहे आणि तुमच्या कामाला पुरेसं आहे. भाच्याला रीपर आवडेल. ते साठ दिवस विनामूल्य वापरून बघता येतं. प्रत्येक गाण्याआधी माइकवरच बोलून ठेवा: गाव, तारीख, म्हणणारीचं नाव, गाणं कधी म्हणतात. फाइलला नाव देण्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. रोज रात्री एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ती दुसऱ्या घरात ठेवा.

आवाजाची पातळी बसवताना नवखी माणसं 'हॅलो हॅलो' म्हणवून घेतात आणि तिथेच नॉब सोडतात. बाया पहिलं गाणं लाजत, दबक्या आवाजात म्हणतात, दुसऱ्याला सैल होतात आणि तिसऱ्याला ओसरी दणाणते. त्यामुळे पहिली दोन गाणी नुसती म्हणू द्या. तिसऱ्याला सॉफ्टवेअरच्या मीटरवर सगळ्यांत मोठा सूर उणे १२ डीबीच्या आसपास येईल इतका गेन ठेवा, त्यानंतर नॉबला हात लावू नका. २४ बिटमध्ये हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज कुणालाच शिवता येत नाही. मग पहिली दोन गाणी पुन्हा म्हणायला सांगा. त्याला कुणी नाही म्हणत नाही.